बंगाली, बाङाल की बाँग? सुनेच्या माहेरच्यांना नेमकं म्हणायचं काय

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी बंगाली आहे, कोलकात्याची, दोघं पुण्यात एकाच कंपनीत आहेत. बोलणी करायला आम्ही तिकडे गेलो तेव्हा मुलीच्या आजी मला हसत हसत म्हणाल्या "आमरा बाङाल", तर तिचे काका लगेच म्हणाले की माझी बायको मात्र घटी आहे, आणि सगळे हसले. मला काहीच कळलं नाही, मी आपली मान हलवली. इकडे माझा भाचा आत्तापासूनच "बाँग वहिनी" म्हणायला लागलाय आणि आमच्या जाऊबाई म्हणतात असं म्हणू नये, ती शिवी असते. बंगाली, बाङाल, बाँग, बंग हे सगळं एकच का? हे नाव आलं कुठून? लग्नात आपल्याकडून कुणाला चुकीचं बोललं जाऊ नये म्हणून विचारतेय.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन! आणि लग्नाआधी तुम्हाला हे विचारावंसं वाटलं याचं मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे बंगाली म्हटलं की मासे, रसगुल्ला आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेली बंगाली बाबाची जाहिरात, इथेच गाडी थांबते. मिस्टरांच्या बदलीमुळे मी सहा वर्षं कोलकात्यात जादवपूरला राहिलेय आणि आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना मी मासीमा म्हणायचे, त्या मूळच्या आजच्या बांगलादेशातल्या बरिशालच्या, म्हणजे तुमच्या सुनेच्या आजींसारख्याच पक्क्या बाङाल. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, सांभाळून घ्या.

आधी उच्चार, कारण माझी पहिली शिकवणी तीच झाली. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हिंदीतून विचारलं, आप बंगाली हैं ना. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बोंटीवर, बोंटी म्हणजे आपली विळीच, इलिश मासा चिरत होत्या, दोन्ही हात खवल्यांनी चमकत होते. त्यांनी चिरणं थांबवलं, मनगटाने पदर सारखा केला आणि म्हणाल्या, बंगाली नाही, बाङाली, म्हण बघू. मी म्हटलं, परत चुकलं. त्यात ग वेगळा ऐकू येताच कामा नये, आपण वाङ्मय म्हणताना जो ङ काढतो तेवढाच काढायचा आणि पुढे जायचं, आणि पहिला स्वर आपल्यासारखा अ नाही, चांगला तोंड उघडून आ. तीन-चार वेळा म्हणवून घेतलं आणि मगच परत माशाकडे वळल्या. तुम्ही लग्नाआधी एवढा एक शब्द घोटलात ना, तरी विहीणबाई खूश होतील बघा.

म्हणजे माणूस बाङाली, भाषा बांग्ला, आणि प्रदेशाचं जुनं नाव बंग. हे बंग तर आपण शाळेपासून रोज म्हणत आलोय, राष्ट्रगीतात, "द्राविड उत्कल बंग". तिकडे शब्दातला व चा ब होतो आणि अ चा ऑ किंवा ओ, म्हणून संस्कृतातला वंग त्यांच्या तोंडी बॉङ्गो होतो. हे लक्षात ठेवा, पुढे भाच्याच्या बाँगसाठी लागेल.

आता वंग म्हणजे काय. मुळात हे जागेचं नाव नाहीच, लोकांचं नाव आहे, तिथे राहणाऱ्या एका जनाचं. महाभारतात गोष्ट येते की बळी राजाची राणी सुदेष्णा आणि दीर्घतमा ऋषी यांच्यापासून पाच मुलगे झाले, अंग, वंग, कलिंग, पुंड्र आणि सुह्म, आणि त्यांच्या नावाने पाच देश झाले. ही गोष्ट अर्थात नंतर रचलेली, देश आधी होते आणि त्यांना आजोबा नंतर मिळाले, पण त्यातून एक कळतं की मध्यदेशातल्या, म्हणजे गंगा-यमुनेकडच्या लोकांना हे पाचही जण एका कुळीतले आणि आपल्यापेक्षा वेगळे वाटायचे. आणि वेगळे म्हणजे किती, तर बौधायन धर्मसूत्रात सांगितलंय की पुंड्र, वंग, कलिंग अशा देशांत जाऊन आलात तर शुद्धीसाठी यज्ञ करायचा. म्हणजे या नावाची सुरुवातच तिथे जाऊ नका या अर्थाने झालीय. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण ज्या लोकांनी पुढे एवढी भाषा, एवढं संगीत दिलं त्यांचं नाव जुन्या ग्रंथांत असं येतं.

पण दुसरीकडे कौटिल्य वंगाच्या पांढऱ्या मऊसूत दुकूल वस्त्राचं कौतुक करतो, आणि उत्तम सुती कापडाच्या यादीत वंगाबरोबर अपरान्ताचंही नाव घेतो, अपरान्त म्हणजे आपलं कोकण. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे कालिदास. रघुवंशात रघू दिग्विजयाला निघतो तेव्हा वंगाचे लोक होड्यांमधून लढायला येतात, रघू त्यांना उखडतो, गंगेच्या प्रवाहांमधल्या बेटांवर विजयस्तंभ रोवतो, आणि मग त्यांना परत त्यांच्या जागी बसवतो, तेव्हा कवी म्हणतो की उपटून पुन्हा लावलेल्या भातासारखे ते त्याच्या पायाशी वाकले आणि त्यांनी त्याला फळ दिलं. ज्यांनी कोकणात गुडघाभर चिखलात उभं राहून आवणी केलीय त्यांना हे लगेच दिसेल, तरवा उपटायचा, मूठ बांधायची, परत रोवायचा, आणि तेच रोप लोंबीने वाकतं. वंग म्हणजे होड्या, पाणी आणि भात, हे कालिदासाला तेव्हाच माहीत होतं आणि आजही बरिशालला गेलं तर तेच आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. हा वंग म्हणजे आजचा अख्खा बंगाल नव्हे! वंग म्हणजे फक्त पूर्व-दक्षिणेचा त्रिभुज प्रदेश, आजचं ढाका, फरीदपूर, बरिशाल, विक्रमपूर हा पट्टा. भागीरथीच्या पश्चिमेला, म्हणजे वर्धमान, बांकुडा, बीरभूम तिकडे, तो राढ. उत्तरेला पुंड्र आणि वरेंद्र. कुमिल्लाकडे समतट. आणि या सगळ्याच्या वर बराच काळ जे मोठं नाव होतं ते गौड. हजार वर्षांपूर्वी बांकुड्याच्या माणसाला तू बंगाली का असं विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, मी राढी, बंगाली ते तिकडचे नदीपलीकडचे. हे एकदा डोक्यात बसलं ना की आजींचं "आमरा बाङाल" आपोआप कळायला लागतं.

वंग वरून वंगाल हे रूप कधी आलं याचा सगळ्यात जुना पुरावा आपल्याकडच्या राजाचा आहे हे वाचून मी तर उडालेच होते. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद, त्याचा ८०५ सालचा ताम्रपट आहे, नेसरीचा ताम्रपट म्हणतात, आपल्या गडहिंग्लज तालुक्यातली नेसरी, जी प्रतापराव गुजरांमुळे सगळ्यांना माहितीय. त्यात गोविंदाने कुठल्या कुठल्या राजांची राजचिन्हं काढून घेतली त्याची यादी आहे आणि त्यात वंगालचा राजा धर्म याच्याकडून भगवती तारेचं चिन्ह घेतलं असं येतं. हा धर्म म्हणजे पाल घराण्यातला धर्मपाल, बौद्ध होता, म्हणून तारा. म्हणजे बंगाल हे नाव लिहिलेलं आपल्याला पहिल्यांदा सापडतं ते बंगालात नाही, दख्खनच्या राजाच्या कागदात, खरं तर तांब्यात. त्यानंतर साधारण दोनशे वर्षांनी तमिळ देशातल्या तिरुमलैच्या शिलालेखात राजेंद्र चोळाच्या स्वारीचं वर्णन आहे, त्यात वंगाळदेश म्हणजे जिथे पाऊस थांबतच नाही असा देश, आणि तिथला राजा गोविंदचंद्र हत्तीवरून उतरून पळाला. पाऊस न थांबणारा देश, मासीमांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या होत्या, बरोबर लिहिलंय, आमच्याकडे दार उघडलं की पाणीच.

मग त्या वंग ला आल लागला कुठून? याचं एक प्रसिद्ध उत्तर अबुल फझलने आईन-इ-अकबरीत दिलंय की मूळ नाव बंग, आणि तिथले जुने राजे सखल जमिनीत १० गज उंच आणि २० गज रुंद मातीचे बांध घालायचे, त्याला आल म्हणायचे, म्हणून बंग अधिक आल, बंगाल. बंगालीत शेताच्या बांधाला आल किंवा आइल खरंच म्हणतात, आणि पुराच्या मुलखात बांध म्हणजे जीव, त्यामुळे ही गोष्ट ऐकायला इतकी छान लागते की सगळे तीच सांगतात. पण मला ती पटत नाही. एक तर नेसरीचा ताम्रपट आणि अबुल फझल यांच्यात जवळजवळ ८०० वर्षांचं अंतर, तोपर्यंत शब्द मुरून गेलेला. आणि दक्षिणेतल्या काही जुन्या शिलालेखांत वंग आणि वंगाल अशी दोन नावं वेगवेगळी म्हणून शेजारी शेजारी येतात, म्हणजे वंगाल हा आधी समुद्राकडचा एक छोटा तुकडा असणार, आणि नाव हळूहळू मोठं होत गेलं.

माणसाला बंगाली म्हटल्याचा जुना दाखला तर फारच हलवून टाकणारा आहे. चर्यापदं म्हणून बौद्ध सिद्धांची गाणी आहेत, हरप्रसाद शास्त्री यांना त्यांची पोथी १९०७ मध्ये नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात सापडली, १९१६ ला छापली, बंगाली भाषेचा सगळ्यात जुना नमुना म्हणून ती मानतात. त्यातला एक कवी भुसुकू. त्याच्या एका पदात तो पद्मा नदीच्या खाडीतून होडी हाकतोय, निर्दय बंगालाने देश लुटलाय, होतं नव्हतं ते सगळं गेलंय, आणि तो स्वतःला म्हणतो, "आजि भुसुकु बंगाली भइली", आज भुसुकू बंगाली झाला, चांडाळणीला त्याने घरची बायको केली. त्याचा आतला अर्थ साधनेचा आहे, शून्याचा आहे, पण वरचा अर्थ बघा ना, बंगाली होणं म्हणजे सगळं गमावून तळाला जाणं. आज ज्या शब्दावर कोट्यवधी लोक जीव ओवाळतात तो शब्द तिथे असा उभा आहे.

मग तो सगळ्यांचा कधी झाला? तर १३५२ च्या आसपास शम्सुद्दीन इलियास शाहने लखनौती, सातगाव आणि सोनारगाव अशी तिन्ही राज्यं एकत्र केली आणि दिल्लीच्या इतिहासकाराने त्याला शाह-इ-बंगाला म्हटलं. तिथून पूर्वेचं नाव पश्चिमेलाही लागलं. मुघलांचा सुबा बंगाला, पोर्तुगीजांचं बेंगाला, इंग्रजांचं बेंगॉल, सगळं त्यावरूनच. आपण राहतो तो बंगला पण तिथलाच बरं का, बंगाली धाटणीचं झोपडीवजा घर म्हणून बंगला, आणि पोर्तुगीजमध्ये हातातल्या काठीला आजही बेंगाला म्हणतात कारण वेत बंगालहून यायचा.

आता तुमच्या आजी. नाव सगळ्यांचं झालं पण जुना अर्थ गेला नाही, तो बाङाल या शब्दात राहिला. पश्चिमेकडचे लोक पूर्वेकडच्यांना बाङाल म्हणत राहिले, आणि त्यात गावंढळ, बोली बरोबर नसलेला असा अर्थ होता. चैतन्य महाप्रभूंच्या सोळाव्या शतकातल्या चरित्रात पण येतं की ते तरुणपणी नवद्वीपला पूर्वेकडच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचे, आणि त्यांचे स्वतःचे वडील सिल्हेटचे, म्हणजे पूर्वेकडचेच! मग १९४७ ला फाळणी झाली, पूर्वेकडून लाखो लोक घरदार टाकून आले, जादवपूर, बिजयगड या भागात निर्वासितांच्या कॉलन्या उभ्या राहिल्या, आणि बाङाल हा शब्द रोज रस्त्यात ऐकू येऊ लागला. मासीमा सांगायच्या, शाळेत मुली त्यांना बाङाल म्हणून चिडवायच्या तेव्हा घरी येऊन रडायच्या, आणि मग त्यांच्या वडिलांनी सांगितलं की रडायचं नाही, छाती पुढे काढून म्हणायचं, हो, आम्ही बाङाल. म्हणून तुमच्या सुनेच्या आजी जे बोलल्या ते थट्टेत बोलल्या तरी त्यामागे गेलेलं गाव आहे. तुम्ही नुसतं विचारा, तुमचं देशेर बाडी कुठलं, म्हणजे मूळ गाव, आणि बघा त्या किती वेळ बोलतात ते.

घटी म्हणजे पश्चिम बंगालचे मूळचे, शब्दाचा अर्थ साधा गडू. हे भांडण आता प्रेमाचं झालंय. बाङाल तिखट आणि शुटकी, म्हणजे आपली सुकट-सुके बोंबील तसली मासळी, घटी भाजीत-डाळीत साखर घालणार आणि खसखशीचं आलू पोस्तो. फुटबॉलमध्ये ईस्ट बेंगॉल बाङालांचं, मोहनबागान घटींचं, एक जिंकलं की इलिश, दुसरं जिंकलं की चिंगडी म्हणजे कोळंबी. काकांनी घटी बायको केलीय म्हणजे त्या घरात मॅचच्या दिवशी काय होत असेल ते तुम्हीच बघाल आता.

राहिला बाँग. तो नवा शब्द, शहरातल्या, कॉलेज-ऑफिसातल्या पोरांचा, बंगालच्या बाहेर जास्त चालणारा. इंग्रजी वळणाचा असला तरी कानाला बॉङ्गो जवळचा लागतो म्हणून खूप बंगाली मुलंमुली स्वतःला मजेत बाँग म्हणवतात, पण त्यांच्या आईवडिलांना तो अजिबात आवडत नाही असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. शिवी नाही, पण पाव्हण्यांसमोर म्हणायचा शब्दही नाही. भाच्याला सांगा वहिनीला आधी विचार. आणि बाङाल तर आपण बाहेरच्यांनी स्वतःहून म्हणूच नये, त्यांनी म्हटलं तर हसून ऐकावं.

एक शेवटचं, आजी वडिलांकडच्या असतील तर ठाकुमा आणि आईकडच्या असतील तर दिदिमा. आणि तुमच्या विहीणबाई तुम्हाला बेयान म्हणतील, तुमच्या मिस्टरांना बेयाई, दचकू नका, ते आपलेच विहीण आणि व्याही.

प्रश्न : आमच्या सातारा भागात वाईट गोष्टीला वंगाळ म्हणतात, "लई वंगाळ झालं". याचा बंगालशी संबंध आहे का? ऑफिसमधला एक बंगाली मित्र हे ऐकून नाराज झाला.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : नाही, मित्राला निर्धास्त करा. आपला वंगाळ हा ओंगळचा सख्खा भाऊ आणि ओंगळ अमंगलवरून आला असं मानतात. मंगल नाही ते अमंगल, ते ओंगळ, ते वंगाळ. तमिळ लेखात वंगाळदेश लिहिलंय तिथला ळ दक्षिणेच्या लिहिण्याचा आहे. तसंच वैद्यांच्या वंगभस्मातलं वंग म्हणजे कथील, त्या शब्दावरूनही घाईने देशाचं नाव काढू नका, जुन्या शब्दांत सारखे दिसणारे पुष्कळ असतात.

प्रश्न : आम्ही गौड सारस्वत, मासे खाणारे, देवी पूजणारे. गौड म्हणजे बंगाल, मग आम्ही मूळचे बंगाली का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हा प्रश्न मला दर वर्षी येतो! गौड हे बंगालचं जुनं मोठं नाव हे खरंच आहे. राजधानी गौड, आजच्या मालदा जिल्ह्यात तिचे भग्न दरवाजे उभे आहेत, चैतन्यांचा पंथ गौडीय वैष्णव, आणि राममोहन रॉय यांनी बंगालीचं बंगालीत व्याकरण लिहिलं, १८३३ ला छापलं गेलं, त्याचं नावही गौडीय व्याकरण. म्हणजे १८३३ पर्यंत गौडीय म्हटलं की बंगाली हे शिकलेल्या माणसाला सरळ कळत होतं, नंतर बांग्लाने त्याला मागे टाकलं.

पण तुमच्या नावातला गौड वेगळ्या वाटेने येतो. ब्राह्मणांचे पंचगौड आणि पंचद्रविड असे दोन मोठे गट मानतात, विंध्याच्या उत्तरेचे ते पंचगौड, त्यात सारस्वत, कान्यकुब्ज, गौड, मैथिल आणि उत्कल. म्हणजे गौड सारस्वत म्हणजे पंचगौडांपैकी सारस्वत, असा सरळ अर्थ लागतो, त्यासाठी बंगालला जायची गरज नाही. सह्याद्रिखंडात परशुरामाने त्रिहोत्राहून आणलं अशी कथा आहे, आणि त्रिहोत्र म्हणजे उत्तर बिहारचा तिरहुत असं बरेच जण मानतात, तोही बंगाल नाही. आणि मासे काय, समुद्र-नदीकाठी जो राहील तो खाणारच.

प्रश्न : माझ्या टीममधली बंगाली मुलगी मी नागपूरची आहे कळल्यावर म्हणाली, "अरे, मग तू तर बर्गी!" सगळे हसले. हे काय नाव आहे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : त्यांच्या नावाची इतकी चर्चा केली, आता त्यांनी आपल्याला ठेवलेलं नाव. बर्गी हा आपलाच शब्द, बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो बारगीर. आणि नागपूर म्हटल्यावर तिला बर्गी आठवले कारण स्वाऱ्या तुमच्याच नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या. १७४२ ला त्यांचे भास्करपंत कोल्हटकर बंगालात शिरले, कटव्याच्या बाजूला तळ पडला, दाँइहाटला त्यांनी दुर्गापूजा मांडली ती बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्या हल्ल्यामुळे अर्धी टाकून निघावं लागलं. १७४४ ला अलीवर्दीने बोलणीला बोलावून त्यांना मारलं, त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहिल्या, १७५१ ला तह झाला आणि त्यात वर्षाला १२ लाख चौथ ठरली. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खंदक खणला तो मराठा डिच, बागबाजारात त्या नावाची गल्ली अजून आहे, मी तिथे उभी राहिलेय.

आपल्या पुस्तकांत ही पानं अटकेपार झेंड्याच्या बाजूची आहेत. तिकडे ती अंगाईत आहेत. मासीमा नातवाला मांडीवर घेऊन पायाच्या ठेक्यावर म्हणायच्या, बाळ झोपलं, आळी निवली, बर्गी आले देशात, बुलबुलींनी धान खाल्लं, शेतसारा भरू कशाचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसता चालीवर जीव गेला, आणि मग बर्गी म्हणजे कोण ते कळलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. त्या मला म्हणाल्या, तुला लागलं का गं, हे तर सगळेच म्हणतात. लागलं होतं, आणि लागायलाच हवं असं मला अजून वाटतं, कारण त्या स्वाऱ्यांत गावंच्या गावं जळली, विणकर, शेतकरी घरं सोडून गंगेपलीकडे पळाले. तुमची मैत्रीण चिडवत असेल तर चिडवू द्या, पण तिला जमलं तर अंगाई म्हणून दाखवायला सांगा. आणि मग तिला सखाराम गणेश देउस्करांचं नाव सांगा, मराठी घरातले, आजच्या झारखंडातल्या देवघर गावी वाढलेले, त्यांनी बंगालीत लिहिलेलं देशेर कथा १९०४ ला आलं, स्वदेशीच्या चळवळीत घरोघरी वाचलं गेलं आणि १९१० ला सरकारने त्यावर बंदी घातली.

प्रश्न : आमच्या सोसायटीत फर्निचरचं काम करायला बंगाली बोलणारे कारागीर आले तर लोक लगेच "बांगलादेशी आहेत" म्हणायला लागले. बंगाली आणि बांगलादेशी यात फरक काय?
— एक वाचक, मीरा रोड

उत्तर : फरक मोठा आहे आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण इथे शब्द चुकला तर एखाद्याची रोजीरोटी जाते. बंगाली हे भाषेचं, संस्कृतीचं नाव. बांगलादेशी हे नागरिकत्वाचं नाव, पासपोर्टवरचं. २०११ च्या जनगणनेत भारतात बंगाली मातृभाषा सांगणारे ९ कोटी ७२ लाख लोक होते, मराठीपेक्षा जास्त, आपले ८ कोटी ३० लाख. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला ना, त्याच दिवशी त्याच निर्णयात बंगालीलाही दिला.

गंमत म्हणजे हा घोळ खुद्द बांगलादेशातही होता. १९६९ च्या डिसेंबरमध्ये शेख मुजीब यांनी पूर्व पाकिस्तानला बांगलादेश म्हणायचं जाहीर केलं, १९७१ ला देश झाला, आणि १९७२ च्या राज्यघटनेत लिहिलं की इथले नागरिक बंगाली म्हणून ओळखले जातील. तेव्हा संविधान सभेत मानवेंद्र नारायण लारमा उभे राहिले, चितगाव डोंगरी भागातले चकमा नेते, आणि म्हणाले मी चकमा आहे, माझे बापजादे कुणी बंगाली नव्हते, मी बांगलादेशचा नागरिक आहे पण बंगाली नाही. त्यांचं तेव्हा कुणी ऐकलं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांच्या काळात नागरिकांचं नाव बांगलादेशी झालं, आणि २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीत असं लिहिलं गेलं की राष्ट्र म्हणून लोक बंगाली आणि नागरिक म्हणून बांगलादेशी. एकाच कलमात दोन नावं घालावी लागली, यावरून बघा हा प्रश्न किती अवघड आहे.

आणि आपल्या पश्चिम बंगालचं नाव फक्त बांग्ला करावं असा ठराव तिथल्या विधानसभेने २०१८ ला केला, केंद्राची मंजुरी त्याला मिळालेली नाही.

आता तुमचे कारागीर. मुंबईच्या झवेरी बाजारात सोन्याचं बारीक काम करणारे हात कितीतरी वर्षांपासून बंगाली आहेत, आणि मालदा, मुर्शिदाबाद, मेदिनीपूर या जिल्ह्यांतून सुतार, गवंडी, जरीवाले महाराष्ट्रात येतात. मुर्शिदाबादच्या माणसाची बोली आणि सीमेपलीकडच्या राजशाहीच्या माणसाची बोली जवळची असणारच, मधे फक्त पद्मा आहे, जसं बेळगावचं आणि चंदगडचं बोलणं. बोलण्यावरून नागरिकत्व कळत नाही, ते कागदावरून कळतं आणि ते बघणं पोलिसांचं काम. मागच्या महिन्यात आमच्याकडे कपाटाला सनमायका लावायला दोन मुलं आली होती, खालच्या वॉचमनने त्यांना तासभर बसवून ठेवलेलं, बिचारी घाबरून हिंदीतच बोलत होती, आपसातसुद्धा. मी चहा देताना बंगालीत विचारलं, तोमादेर बाडी कोथाय, घर कुठे रे तुमचं. धाकट्याने आधी मोठ्याकडे बघितलं, मग हातातला फेव्हिकॉलचा डबा खाली ठेवला आणि म्हणाला, डोमकल, मुर्शिदाबाद. आणि मग दुपारभर दोघं आमच्या हॉलमध्ये मोठ्याने बंगालीत बोलत काम करत होती.